राजधानीचे तट्टे

बुरडाकडे माणूस जन्मात तीनदा तरी येतोच. लग्नात सूप आणि परडीसाठी, धान घरात आलं की ढोलीसाठी, आणि शेवटी तिरडीच्या बांबूसाठी. तिसऱ्या वेळी अर्थात तो स्वतः येत नाही, भाऊबंद येतात. माझ्याकडे मात्र या तिन्हींत न बसणारं एक गिऱ्हाईक आलं, आणि ते पुढं काही वर्षं थंडीच्या तोंडावर येतच राहिलं. ते गिऱ्हाईक म्हणजे राजधानी.

आमचं घर सानगडीचं. शाळा सातवीपर्यंत झाली आणि नंतर बांबूनं मला धरलं तो आता सोडतो आहे, कारण बोटं आखडली. हातात कोयता धरवत नाही, पेन धरवतो. तेव्हा लिहून काढा, असं वाचनालयातल्या मंडळींनी सुचवलं. मी म्हटलं, चला, हेही विणकामच.

धंदा समजायला सोपा आहे. बांबू फोडायचा, त्याच्या पातळ लांब कामट्या काढायच्या, त्या तळ्याच्या पाण्यात भिजवायच्या म्हणजे मोडत नाहीत. बांबूच्या बाहेरच्या हिरव्या बाजूला आम्ही पाठ म्हणतो आणि आतल्या मऊ बाजूला पोट. पाठ पाऊस सोसते, पोट सोसत नाही. माणसाचंही तसंच असावं. मग जमिनीवर कामट्या अंथरून दोन वर, दोन खाली असं विणत गेलं की तट्टा तयार होतो. तो उभा केला की भिंत, गुंडाळून शिवला की ढोली, आडवा टाकला की छप्पर.

विणताना एक विचित्र गोष्ट होते. झोप लागत नाही आणि पुरती जागही राहत नाही. हात आपलं काम करतात आणि मन सुटतं. मार्गशीर्षात सकाळी तळ्यावरचं धुकं आमच्या अंगणापर्यंत यायचं, ओल्या बांबूचा वास त्यात मिसळायचा, आणि मी बसल्या जागी कुठं कुठं जाऊन यायचो. न पाहिलेली शहरं पाहायचो. बाबा ओरडायचे, "हात अठी अन् तू कोठी रे?" मी दचकून पाहायचो तर वीतभर तट्टा विणून झालेला असायचा, एकही घर न चुकता. पुढं मला कळलं की चुका स्वप्नात होत नाहीत, चांगल्या जागेपणी होतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. मोहाडीकडचे एक आजोबा स्वतःच्या तिरडीचे बांबू स्वतः निवडून गेले. "पोरायचा भरोसा नाई, वाकडे आणतीन," म्हणाले. त्यानंतर ते चांगले दहा-अकरा वर्षं जगले. बांबू वाया जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर वालाचा वेल चढवला, आणि दर हंगामात शेंगांची पिशवी मला पाठवत राहिले. मरणाच्या बांबूवर पिकलेली ती भाजी आम्ही आवडीनं खाल्ली. माझी माय फक्त खायच्या आधी हात जोडायची.

मायचीच एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. घराच्या भिंतीचा तट्टा असला तर त्यात ती एक डोळा ठेवायची. उभ्या बाईच्या नजरेच्या उंचीला चार कामट्या मागं वळवून आत खोचायच्या, म्हणजे तळहाताएवढं भोक राहतं. आतून बाहेरचं दिसतं, हवा येते. दुसऱ्या बुरडांत ही रीत मी पाहिली नाही, आमच्याच घरची असावी. माय म्हणायची, "भिताडाले डोळा नसला तं घर आंधळं होते, अन् आतली बाई कैदी." मी शिकलो तेच असं शिकलो. घराचा तट्टा म्हटला की माझी बोटं त्या उंचीवर आपोआप थांबायची.

आमचे तट्टे लांब लांब जायचे. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला ढिवरांची काही घरं होती, तळ्यात मासे धरणारी, शिंगाडे लावणारी. मासे धरायचे सापळे ते आमच्याकडून नेत. त्यांतला देवाजी माझ्याच वयाचा. बोलणं कमी, पण सापळा हातात घेऊन असा फिरवून बघायचा की आपण परीक्षेला बसलोय असं वाटावं. त्याची बायको सरजा मात्र बोलकी. दोघांच्या लग्नानंतर त्यांच्या घरचा पहिला तट्टा मायनं विणला होता. पुढं तळ्याचा ठेका दुसऱ्याच कुणाला गेला, आणि एका सालापासून देवाजी सापळे न्यायला आला नाही. नागपूरला गेला म्हणाले, सायकलरिक्षा चालवतो म्हणाले. मी विणताना कधीकधी त्याला रिक्षा ओढताना पाहायचो, तळ्यातून ओढल्यासारखी.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळी सरत आली होती. आमच्या अंगणात एक जीप उभी राहिली. एक ठेकेदार आणि त्याच्यासोबत एक साहेब. कोणत्या खात्याचे ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. साहेबांनी माझा एक तट्टा उन्हासमोर धरला, त्यातून उजेड आरपार येतो का पाहिलं आणि खूश झाले.

"असे शंभर हवेत. अधिवेशन सुरू व्हायच्या आत. पण एक लक्षात ठेवा, एकही फट नको."

थंडीत मुंबईचं सरकार नागपूरला येतं आणि तेवढ्या दिवसांपुरती नागपूर राजधानी होते, हे आम्हाला ठाऊक होतं. वाटलं, मोठा मांडव घालायचा असेल. माझ्या हातची वीण मंत्र्यांच्या डोक्यावर जाणार! छाती एवढी फुगली की सगळ्या बुरड आळीला मीच कामाला लावलं. धान निघालं होतं, हात मोकळे होते. महिनाभर आळीत दुसरा आवाज नव्हता, फक्त बांबू फुटण्याचा. डोळा ठेवायचा नव्हता म्हणून बोटं त्या उंचीवर अडायची. मी त्यांना समजवायचो की हे घर नव्हे, मांडव आहे.

तट्टे ट्रकात भरले आणि उभे करायला मीही गेलो. शहर पाहून मी खुळावलो. रस्त्याकडेच्या दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, दिव्याच्या खांबांना नवा रंग. मुलगी दाखवायची असली की घरातले मळके कपडे पटकन दाराआड कोंबतात ना, तशी सगळी लगबग. मी मांडवाची जागा शोधत होतो. ट्रक एका मोठ्या रस्त्याला नाल्याच्या काठी थांबला. तिथं मांडव नव्हता, झोपड्या होत्या. चाळीसेक असतील. पोती, फाटकी लुगडी, पत्र्याचे तुकडे. साहेब म्हणाले, "इथून तिथपर्यंत लावायचे. गाडीतून जाणाऱ्याला मागचं काही दिसता कामा नये."

तेव्हा मला कळलं की मी भिंतच विणली होती, फक्त ती घराची नव्हती.

खांब रोवत होतो तेवढ्यात मागून हाक आली. "अजी, बुरडभाऊ! सानगडीचे ना तुमी?"

सरजा होती. तिच्यामागं देवाजी, पूर्वीपेक्षा बारीक. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी पहार खाली ठेवली. म्हटलं, "देवाजी, मले माईत नोतं गा. मी नाई लावत. परत नेतो हे सारे."

देवाजी पुढं आला. त्यानं तट्ट्यावरून हात फिरवला, सापळ्यावरून फिरवायचा तसाच. मग हळूच म्हणाला, "लावा जी. दाट लावा. सायबानं सांगतलं हाय, तट्टे लागले तं झोपड्या रायतीन, नाई तं टरक येईन. आमी दिसलो नाई, तं आमी रायलो."

मी पहार उचलली.

सरजाचं दुखणं वेगळं होतं. तिचा भाऊ कोंढ्याहून एसटीवर शिंगाड्यांची पोती टाकायचा. ती ते उकडून रस्त्यावर बसून विकायची. शिंगाड्याचा हंगाम तो केवढा, आणि नेमका तेव्हाच हा पडदा. "पोती सडतीन भाऊ," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "ते जाऊ द्या. पण मले आंधळ्यावानी होऊन रायलं. तुमच्या मायनं आमच्या घरच्या तट्ट्याले डोळा ठेवला होता. एक ठेवा ना. कोनाले समजते?"

देवाजी म्हणाला, "नोको." एवढंच.

मी दोघांकडे पाहिलं. देवाजी पाणी आणायला गेला. साहेब पुढच्या टोकाला होते. मी सरजाच्या झोपडीसमोरच्या तट्ट्याजवळ गेलो आणि तिच्या नजरेच्या उंचीला चार कामट्या वळवून खोचल्या. हे माझ्याकडून चुकून झालं असं मी पुढं पुष्कळांना सांगितलं. ते खोटं होतं. मी चांगला जागा होतो.

घरी आलो आणि कितीतरी दिवस त्या कल्पनेत सुखानं तरंगत राहिलो. विणता विणता मला ती दिसायची, तट्ट्याला डोळा लावून उभी. पुढून मोटारी चालल्यात, लाल दिव्यांच्या, आणि सगळ्या राजधानीत त्यांच्याकडे पाहणारी आणि त्यांना न दिसणारी ती एकटीच आहे. मला वाटायचं, मी तिला सिनेमाचं तिकीटच काढून दिलंय.

आठेक दिवसांनी ग्रामपंचायतीत आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र आलं. त्यात फोटो होता. लांबच लांब तट्टा, त्यात एक भोक, ओढून वीतभर केलेलं, भोकात सरजाचा अर्धा चेहरा, आणि भोकातून बाहेर आलेला हात. हातात पानाचा द्रोण, द्रोणात शिंगाडे. खाली लिहिलं होतं की राजधानीनं आपले गरीब बांबूच्या पडद्याआड ठेवलेत. सभागृहातही त्यावर गोंधळ झाला म्हणे.

आता लाजेची गोष्ट सांगतो. मला आधी आनंद झाला. मी तो पेपर चौकात चारचौघांना दाखवत फिरलो. "पाहा ना, वीण पाहा! माही हाय!" लोकही कौतुक करत होते. फोटोतल्या बाईचं आता काय होईल, हे माझ्या डोक्यात शिरायला दुपार उलटली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. "किसने छेद रखा? साहब की नौकरी पे आ गई!" शिव्या देऊन तो गेला. जाताना म्हणाला की झोपड्या काल सकाळीच उठवल्या.

मी एसटी धरून नागपूर गाठलं. नाल्याकाठी काहीच नव्हतं. जमीन झाडून, पाणी मारून, वर चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. सरजाची चूल होती तिथं शेवंतीच्या कुंड्या ठेवल्या होत्या. फुलं छान होती, हेच मला सहन होईना. मी तिथं उभा राहून रडलो. एक पोलीस मला म्हणाला, "चला काका, इथं थांबू नका," आणि मी तर तेव्हा पस्तिशीचाही नव्हतो.

रात्र एसटी स्टँडवर काढली आणि पहाटे उठून, विचारत विचारत, नाक्याच्या बाहेर, शहराचा कचरा टाकतात त्या माळापर्यंत पोचलो. सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. त्या पांढऱ्यात मला एक वस्ती दिसली आणि क्षणभर वाटलं, मी अंगणातच बसलोय, विणतोय आणि भटकतोय. कारण सगळ्या भिंती माझ्या होत्या. तेच तट्टे, तीच वीण. ट्रकवाल्यांनी माणसं आणि तट्टे एकाच फेरीत आणून एकाच जागी टाकले होते. त्यांच्या लेखी दोन्ही तिथलंच सामान. लोकांनी तेच उभे करून घरं केली होती.

देवाजी दारातच बसला होता. त्यानं मला पाहिलं आणि पाठ फिरवली. रिक्षाचा अड्डा स्टेशनला, आणि इथून स्टेशन म्हणजे दोन-अडीच तासांची पायपीट. रिक्षा त्याची सुटली होती. मी काही बोलायच्या आधीच तो उठून माळाकडे निघून गेला. पुढं कितीतरी वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही.

सरजाला मी म्हटलं, "मी डोळा ठेवला म्हणून हे झालं. माफी मांगाले आलो."

"मी मांगतला म्हणून ठेवला ना?" ती म्हणाली. "अन् पाहाले मांगतला होता मीनं. हात कोन भाईर काडला? दोन पोट्टे सायकलवर चालले होते, थांबवून शिंगाडे देल्ले. मंग मोटारवालेबी थांबाले लागले. एकाच्या गळ्यात फोटोची पेटी होती, मले काय माईत!" आणि ती हसली. हसता हसता डोळे पुसले. "फोटोत कशी दिसतो मी?"

पेपर माझ्या खिशात होता. तिनं तो उलगडून बराच वेळ पाहिला. तिचा तो आयुष्यातला पहिला फोटो. "थकलेली दिसतो," म्हणाली आणि घडी घालून कमरेला खोवला.

निघताना तिनं जे सांगितलं त्यानं माझा धंदाच बदलला. "पुढच्या सालीबी पडदे लागतीन त्यायले. तुमी सोडू नोका. पडदे झाले की अठीच आणून टाकते टरकवाला. मजबूत विणजा."

ठेकेदार पुढच्या दिवाळीला आला. शिव्या विसरला होता, कारण इतकी दाट वीण त्याला दुसरीकडे मिळाली नाही. मी काम घेतलं. गावात कुणी म्हणालं, बुरडाला लाज नाही. मी बांबू अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडून आणायचो, कारण तेव्हा तोडलेल्या बांबूला घुण लागत नाही, किडा पोखरत नाही. कामट्या दुप्पट दिवस तळ्यात ठेवायचो. महिनाभराच्या पडद्याला चार पावसाळे टिकणारी भिंत मी का देतो, हे त्या साहेबांना कधी कळलं नाही. ते नुसते उन्हात धरून फट शोधायचे. राजधानी दर थंडीत कुठली ना कुठली वस्ती झाकायची, आणि अधिवेशन संपलं की तिच्याच ट्रकातून माळावर भिंती यायच्या. सरकारनं गरिबांना घरं दिली ती अशी, आणि सरकारला पत्ताही नाही. या एका गोष्टीचा मला अभिमान आहे, तो कुणी काढून घेऊ नये.

अशी पाच-सहा वर्षं गेली. गावात रंगीत टीव्ही आला त्या सुमाराची एक दिवाळी जीप न येता गेली. चौकशी केली तर कळलं, आता निळ्या रंगाचे पत्रे उभे करतात, भाड्याचे. काम झालं की पत्रे मालकाकडे परत जातात. माळावर काही टाकायचा प्रश्नच उरला नाही. आळीतली तरुण मुलं दुसऱ्या कामाला लागली. मीही सुपा-टोपल्यांवर आलो, आणि माझं विणतानाचं भटकणं का कोण जाणे कमी झालं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरजा माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. केस पांढरे झालेले, हातात चपला. एसटीतून उतरून चालत आली होती. पाणी प्यायली. म्हणाली, "भाऊ, भिताडं गेले. यंदा तट्टे आले नाई. साड्या बांधून कितीक दिवस काढाव? आता ईकतच घेतो. पुढच्या बाजूचा एक."

"ईकत कायले?" मी म्हटलं. "बस, विणून देतो."

घराच्या तट्ट्याचं माप आम्ही घरधनिणीच्या हातानं घेतो, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. इतकी वर्षं तिच्या भिंती साहेबांच्या टेपानं मोजलेल्या होत्या. तिनं हात पुढं केला. पुढची बाजू तशी सात हात, ती घरून मोजूनच आली होती.

"मागच्या बाजूनं ठेवतो नं दार, माळाकडून?" मी विचारलं. माळावरही आता मोठा रस्ता आला होता, बंगले उठत होते, आणि वस्ती पुन्हा हलवणार अशी बोलवा मी ऐकली होती.

"नाई," ती म्हणाली. "त्यायनं सांगून धाडलं हाय."

"कोन?"

"आमच्या घरच्यायनं. देवाजीनं. म्हणे बुरडभाऊले सांगजो, दार रस्त्याकडून ठेव. मोठं ठेव."

देवाजीचा माझ्यासाठी आलेला तो इतक्या वर्षांतला पहिला शब्द होता. मी म्हटलं, "बाई, रस्त्याकडून दार म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याले सारं दिसन. सायबाच्या डोळ्यावर येईन. उठवतीन."

"मीबी हेच म्हटलं त्यायले," सरजा म्हणाली. "तं म्हणे, उठवाचंच असन तं उठवतीन. पण आता दिसून उठू."

मी कोयता घेतला आणि बांबू फोडायला बसलो.